कार्डात नसलेला रकाना

त्या चष्म्याच्या दुकानात स्टुलावरून उतरायचं म्हणजे एक कार्यक्रमच होता. आधी काउंटरवरचा आरसा उचलून बाजूला ठेवायचा, मग फ्रेमांचा ट्रे, मग बिलबुकं आणि पेनं, आणि मग कुठे बिजागरीची फळी वर होऊन माणूस बाहेर पडणार. म्हणून वहिनी उतरायचीच नाही. सकाळी एकदा चढली की दुपारी जेवायला आणि संध्याकाळी कुलूप घालायला. गल्लीतली माणसं तिला काउंटरच्या वर दिसेल तेवढीच ओळखत. एकदा ती बाजारात दिसली तेव्हा शेजारचा शिंपी बघतच राहिला. "वहिनी, तुम्ही एवढ्या उंच आहात होय!" म्हणाला. माणसांची मापं घेण्यात ज्याचा जन्म गेला त्याची ही तऱ्हा.

लग्न झालं तेव्हा चष्मेवाले तिला म्हणाले होते, "दोन वर्षं बस दुकानात. जम बसला की माणूस ठेवू." दुकानाचा जम बसला. माणूस कसला येतोय! आपली बायको डोळे मिटून भरवसा ठेवावा अशी, अक्षर मोत्यासारखं, आकड्यात चूक नाही. मग बाहेरचा माणूस शोधायला कोण उठणार? मुलगी झाली, काउंटरखाली पाटी घेऊन बसायला लागली, शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन गेलीसुद्धा. स्टुलावरची गादी बदलली, खाली स्टूल तेच आणि वर वहिनी तीच. तक्रार तिनं कधी केली नाही असं लोक म्हणत. केली होती, पुष्कळदा केली होती. पण तक्रार करताकरता समोर गिऱ्हाईक उभं राही आणि तिचा हात आपोआप नंबर लिहायच्या कार्डाकडे जाई.

चष्मेवाले माणूस वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. आवाज चढवायचे नाहीत, व्यसन नाही, कामात चोख. तिच्या उजव्या हाताला त्यांचं टेबल होतं. तिथे ते दिव्याखाली काचा घासत, फ्रेममध्ये बसवत आणि इवलेसे स्क्रू पिळत. मागच्या पडद्याआड डोळे तपासायची अंधारी खोली. ते आतून नंबर सांगत आणि ती बाहेर लिही. "उजवा. मायनस सव्वादोन. सिलेंडर मायनस पाऊण, ॲक्सिस नव्वद. ॲड दीड." शब्दाला शब्द जोडलेला नाही, पण दोघांच्या संसारातलं निम्मं बोलणं याच भाषेत झालं होतं.

या सगळ्यातून बाहेर पडायची वाट तिच्या धाकट्या बहिणीनं काढली. दूरच्या एका गावाबाहेर तिची रोपवाटिका होती. नवरा गेल्यापासून एकटीच बघायची. तिनं फोन केला. "ताई, तू ये. एक हंगाम राहा, जमलं तर कायमची भागीदार हो. मोकळं माळरान आहे, दिवसभर उभं राहायचं काम आहे." दिवसभर उभं राहायचं काम! दुसऱ्या कुणाला ही धमकी वाटली असती. वहिनीला ऐकूनच हलकं वाटलं. तिनं दुकानाच्या काचेत किती कुंड्या ठेवून पाहिल्या होत्या. ऊन येत नसल्यामुळे एकेक करून सगळ्या वाळल्या होत्या.

तिनं त्या दिवशी कार्ड खाली ठेवून सांगितलं, "अहो, मी जाणार आहे." चष्मेवाले स्क्रू पिळत होते ते थांबले. मग म्हणाले, "जा. पण काउंटरवर कुणीतरी हवं. कार्ड वाचता येणारं."

म्हणजे आता सगळं कार्ड वाचता येणाऱ्या माणसावर येऊन अडलं. ते माणूस मिळालं की वहिनी सुटणार. आणि ते माणूस म्हणून आल्या चष्मेवाल्यांच्या धाकट्या बहीणबाई, तिच्या वन्सं. टेलिफोनच्या ऑफिसातून नुकत्याच निवृत्त झालेल्या, एकट्या, घरात भिंतींशी बोलून कंटाळलेल्या. आयुष्यभर कानाला फोन लावून बसल्यामुळे आवाज खणखणीत, आणि समोरच्यानं काहीही सांगितलं की ते परत म्हणून दाखवायची सवय.

"वहिनी, तू काळजीच करू नकोस. आठ दिवसांत शिकते," त्या आल्या आल्या म्हणाल्या, आणि पहिल्याच दिवशी वहिनीच्या नाकी नऊ आणले.

"ही वरची ओळ उजव्या डोळ्याची, खालची डाव्या," वहिनीनं कार्ड पुढे केलं. "उजवा नेहमी आधी. पण उजवा म्हणजे गिऱ्हाईकाचा उजवा. समोर बसलेल्या माणसाचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला येतो. नवीन माणूस इथेच फसतो."

"गिऱ्हाईकाचा उजवा, आपल्या डाव्या हाताला," वन्संनी परत म्हटलं. "पुढे."

"पहिला रकाना स्फेअर. म्हणजे मुख्य नंबर. मायनस असेल तर लांबचं पुसट दिसतं, काच मधे पातळ आणि कडेला जाड. प्लस असेल तर उलट, काच मधे फुगीर."

"म्हणजे प्लसवाला बरा."

"बरा-वाईट काही नसतं, वन्सं. मार्कं नाहीत ती. शून्यापासून जितकं लांब जाल तितकी काच जड, मग इकडे जा नाहीतर तिकडे. आणि एक लक्षात ठेवा, आकड्याच्या आधी प्लस की मायनस ते लिहिलेलं नसेल तर अंदाज करायचा नाही. फोन करून विचारायचं."

फोनचं नाव काढताच वन्संना जरा बरं वाटलं. मग आला सिलेंडर. "एवढ्याशा डोळ्यात सिलेंडर?" म्हणून त्या आधी पोटभर हसून घेत्या झाल्या. वहिनीनं सांगितलं की काहींच्या डोळ्याचा पुढचा गोलवा सगळीकडे सारखा नसतो. चेंडू नाही, अंडं म्हणा. मग एका दिशेच्या रेघा स्वच्छ दिसतात, दुसऱ्या दिशेच्या विसकटतात. दुरुस्ती किती करायची ते सिलेंडर सांगतो आणि कुठल्या दिशेनं करायची ते ॲक्सिस. ॲक्सिस म्हणजे नुसता कोन, एकपासून एकशेऐंशीपर्यंत, त्याला प्लस-मायनस नाही. सिलेंडरचा रकाना रिकामा असेल किंवा तिथे रेघ मारली असेल तर घाबरायचं नाही, त्या डोळ्याला तो नंबरच नाही.

"आणि सिलेंडर लिहिलाय पण ॲक्सिस नाही असं झालं तर?"

"तर ते कार्ड घ्यायचंच नाही. खोलीला दार आहे म्हणून सांगितलं आणि कुठल्या भिंतीत ते सांगितलंच नाही, तसं ते."

बोलून गेल्यावर वहिनीला स्वतःचंच हसू आलं. तिला हल्ली दारंच आठवत होती.

शेवटचा रकाना ॲड. ही चाळिशी. लांबच्या नंबरात एवढा मिळवा की जवळचा नंबर तयार होतो. वहिनीनं उदाहरणाला घरचंच कार्ड काढलं. "हे तुमच्या दादांचं बघा. दोन्ही डोळे मायनस दोन. ॲड प्लस दोन. मिळवा."

वन्संनी बोटं मोजली. "शून्य! म्हणजे दादा पेपर वाचताना चष्मा कपाळावर चढवतो तो उगाच नाही तर!"

"उगाच नाही. जवळचं त्यांना चष्म्याशिवायच स्वच्छ दिसतं."

"मला वाटायचं तोरा दाखवतो."

टेबलावरून चष्मेवाले खाकरले. मग त्यांनाही शिकवण्याचा हुरूप आला आणि त्यांनी आपली एक युक्ती सांगितली. तपासताना 'दिसतंय का?' असं कधी विचारायचं नाही, सगळे 'हो' म्हणतात. काय दिसतंय ते विचारायचं. आणि काही गिऱ्हाईकं आपल्याला बरं वाटावं म्हणूनच उत्तरं देतात, शाळेत पहिला नंबर काढायचा असल्यासारखी. 'ही काच बरी की ती?' म्हटलं की झटकन 'ती!' "अशांना मी तीच काच दोनदा दाखवतो," चष्मेवाले म्हणाले. "तरीही 'ती' म्हणाले की समजायचं, हा माणूस डोळ्यानं बोलत नाहीये."

वन्संचा सगळा गोंधळ एकाच ठिकाणी होता. मोठा नंबर म्हणजे अधू डोळा, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. वहिनीनं शंभरदा सांगितलं. नंबर म्हणजे किती दिसतं ते नव्हे, किती काच लागते ते. किती दिसतं त्याचा रकाना वेगळा, तिथे सहाला सहा असं लिहितात. निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जी ओळ दिसायला हवी ती दिसली. जाड भिंगाचा माणूस चष्मा लावून शेवटची ओळ घडाघडा वाचतो, आणि ज्याच्या कार्डावर शून्य त्याला कधीकधी काही म्हणता काही दिसत नसतं. हे ती इतक्या वर्षांत इतक्या गिऱ्हाइकांना सांगत आली होती की सांगताना तिचं लक्षसुद्धा नसे.

वन्सं शिकत होत्या हे मात्र खरं. आठाचे पंधरा दिवस झाले, पण आता त्या कार्ड हातात घेऊन "उजवा, मायनस पावणेदोन, सिलेंडर नाही" असं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं वाचत. वहिनीनं बसचं तिकीट काढलं. बॅग पलंगाखालून वर आली. शेवटचे काही दिवस वन्संनी स्टुलावर बसायचं आणि वहिनीनं काउंटरच्या पलीकडे उभं राहून नुसतं बघायचं, असं ठरलं.

आणि वहिनी स्टुलावरून उतरली तसा दुकानात गोंधळ सुरू झाला. चष्मेवाल्यांचा डावा कोपर स्क्रूच्या वाटीला लागला आणि स्क्रू जमिनीवर. दुसऱ्या दिवशी वन्संनी चहाचा कप टेबलाच्या डाव्या कडेला ठेवला, तो गेला. मग पडद्यातून बाहेर येताना ते वन्संच्या स्टुलावरच आदळले. "अगं, वस्तू जागच्या जागी ठेवत जा!" ते कधी नव्हे ते ओरडले. वन्सं पण काही ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. "स्टूल जागच्या जागीच आहे, दादा. जमिनीला ठोकून बसवू का आता?"

वहिनी पलीकडून म्हणाली, "नवीन आहेत हो त्या. सवय नाही." आणि काउंटरवरून हात लांब करून दुसरा कप तिनं टेबलाच्या मध्यावर सरकवला.

सरकवताना तिचा हात क्षणभर थांबला. हे ती रोज करायची. कप मधे. वाटी मधे. काचेची डबी मागितली की ती टेबलावर न ठेवता थेट त्यांच्या तळहातावर. ते पडद्यातून बाहेर यायचे झाले की पाय टेकून आपलं स्टूल बाजूला सरकवायचं. संध्याकाळी घरी जाताना चालायचं त्यांच्या डाव्या बाजूनं. हे कधी सुरू झालं? तिनं आठवून पाहिलं. तिला आठवेना.

त्याच दुपारी वन्संनी हट्ट धरला की मला एक अख्खं कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करायचंय. माणूस हवा म्हणून चष्मेवालेच खुर्चीत बसले. खोली लांबीला कमी होती, म्हणून अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागे टांगलेला आणि तो समोरच्या आरशात वाचायचा. वन्सं काचा देत गेल्या, चष्मेवाले स्वतःच बसवत गेले आणि शेवटची ओळ त्यांनी अडखळल्याशिवाय वाचली. तक्ता पाठ म्हणून नव्हे. वहिनीनं पडद्याशी उभं राहून मुद्दाम मधलीच अक्षरं विचारली, तीही बरोबर. मायनस दोन, मायनस दोन, सहाला सहा. मागच्या वर्षीचंच कार्ड, त्याच्या मागच्याही वर्षीचं.

"डोळे ठणठणीत आहेत तुझे," वन्सं म्हणाल्या. मग त्यांनी जवळची एक काच पुढे केली. "ही डबीत ठेव." त्या खुर्चीच्या डाव्या बाजूला उभ्या होत्या. चष्मेवाले समोर बघत बसून राहिले.

"दादा, घे ना."

"काय घे? दे तर आधी."

काच त्यांच्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर होती. वन्संनी ती हलवली. मग हळूहळू पुढे नेली, गालापर्यंत, नाकापर्यंत. नाकाशी आल्यावर ते म्हणाले, "हं, आण," आणि घेतली.

वन्सं बाहेर आल्या त्या कार्ड घेऊनच. काउंटरवर ठेवून सगळ्या रकान्यांवरून बोट फिरवलं, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "वहिनी, बाजूचं दिसतं की नाही, ते यात कुठे लिहितात?"

वहिनीनं कार्डाकडे पाहिलं. हजारो कार्डं तिच्या हाताखालून गेली होती. "नाही लिहीत," ती म्हणाली. "त्याचा रकाना नसतो."

"का?"

"लागत नसेल."

हे खोटं होतं आणि आपण खोटं बोलतोय हे तिला बोलतानाच कळलं. पण तिकीट पर्समध्ये होतं. बहिणीनं तिच्यासाठी खोली झाडून ठेवली होती. आणि इथे आता कुणी एक वाक्य बोललं असतं, तर ती फळी परत खाली आली असती, वरती आरसा, ट्रे, बिलबुकं, सगळं आपापल्या जागी. कार्ड चांगलं आहे ना? मग झालं तर. सगळ्या गल्लीनं विश्वास ठेवला तो या कार्डावरच. तिनं ते कार्ड कप्प्यात टाकलं, घरी जाऊन बॅगेत साड्या घातल्या, काढल्या, परत घातल्या. वन्सं जेवताना भावाच्या डाव्या हाताकडे टक लावून बघत होत्या. दोघींपैकी एकीनंही त्या दिवशी विषय काढला नाही.

पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून निघताना ती मुद्दाम त्यांच्या उजव्या बाजूला आली. आपला संशय खोटा ठरावा म्हणूनच. रस्ता ओलांडताना डावीकडून एक सायकलवाला येत होता, घंटी वाजवत, अगदी सावकाश. तिला तो दिसत होता. चष्मेवाले सरळ चालत राहिले. तिनं ओढायला हात पुढे केला तोवर हँडल त्यांच्या बरगडीला घासून गेलं, ते कोलमडले आणि चष्मा रस्त्यावर पडला.

"आंधळा आहेस का?" सायकलवाला ओरडला.

"मायनस दोन!" चष्मेवाले तेवढ्याच जोरात ओरडले. "शेवटची ओळ वाचतो मी!"

वहिनीनं चष्मा उचलला. काच फुटली नव्हती. तिनं तो पदरानं पुसून त्यांच्या हातात दिला, आणि मग रस्त्याच्या मध्यावरच तिला रडू फुटलं. तिला त्यांची दया आली, स्वतःची आली, आणि सगळ्यात जास्त राग आला. कुणाचा ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

डॉक्टरकडे जायला चष्मेवाले तयार नव्हते. "मी जाऊ? त्यांची कार्डं माझ्याकडे येतात." चार दिवस त्यांनी ताणून धरलं. शेवटी वन्संनी त्यांना आरशासमोर बसवलं आणि स्वतः मागून डाव्या बाजूला हात धरून उभ्या राहिल्या. "दादा, समोर स्वतःच्या नाकाकडेच बघ. माझा हात कुठे आहे?" चष्मेवाल्यांना आरशात स्वतःचं तोंड दिसत होतं, स्वच्छ, प्रत्येक सुरकुती. हात दिसत नव्हता. मग त्यांनी मान वळवली, आणि हात होता. ते पुन्हा पुन्हा मान वळवत राहिले. त्यानंतर ते चपला घालून उभे राहिले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी डोळ्यांतला दाब मोजला, मग चष्मेवाल्यांना एका पांढऱ्या गोल घुमटासमोर हनुवटी टेकवून बसवलं. आत कुठेकुठे ठिपके चमकत. दिसला की हातातलं बटण दाबायचं. वहिनी मागे उभी होती. बटणाचा टिक असा आवाज येई, आणि मग बराच वेळ येत नसे. तिला वाटे, आता दाबतील, आता दाबतील. मशीनमधून जो कागद आला त्यावर दोन गोल होते. उजव्या गोलाची कड काळवंडली होती. डाव्यात मधे थोडं पांढरं उरलं होतं, दाराच्या भोकातून दिसावं तेवढं.

"काचबिंदू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा दुखत नाही, लाल होत नाही. मधलं शेवटपर्यंत स्वच्छ ठेवतो आणि कडेनं कुरतडत येतो. नंबर तपासताना आपण मधलंच तपासतो ना. गेलं ते परत येणार नाही. आहे ते थेंबांनी टिकवायचं. सकाळ-संध्याकाळ, एकही दिवस न चुकवता. आणि मान वळवून बघायची सवय लावायची."

"आधी आलो असतो तर?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"तर बरंच वाचलं असतं. पण कळणार कसं? साधारणपणे माणूस दारावर आदळतो, कप सांडतो, तेव्हा घरचे घेऊन येतात." त्या वहिनीकडे बघून हसल्या, मनापासून, कौतुकानं. "तुम्ही फार सांभाळलेलं दिसतंय त्यांना. कुठे आदळूच दिलं नाही."

वहिनीनं मान हलवली. कौतुक झालं की माणूस हलवतो तशी. आणि पुढे रस्ताभर तिला ते एकच वाक्य ऐकू येत राहिलं. तो कप ती मधे सरकवत आली नसती तर तो कधीच सांडला असता. ती त्या स्टुलावर बसली नसती, दोन वर्षांनी उठून गेली असती, तर कुणीतरी परका माणूस तिथे बसला असता. त्यानं कप वाटेल तिथे ठेवला असता, आणि चष्मेवाल्यांचा डावा डोळा वाचला असता.

तिकीट रद्द झालं. दुसरं काढलं चष्मेवाल्यांनी, तिला न विचारता. मधल्या दिवसांत वन्संनी थेंबांच्या वेळा स्वतःच्या हातात घेतल्या आणि त्या अशा ओरडून जाहीर करू लागल्या की शिंपीसुद्धा हातातलं काम सोडून वर बघे. रोज सकाळी वहिनी चष्मेवाल्यांना समोर बसवी, "माझ्या नाकाकडे बघा," म्हणे आणि बाजूला बोटं धरून ती किती ते विचारी. उजवीकडचं ते बहुधा बरोबर सांगत. डावीकडचं कधी सांगत, कधी अंदाजानं ठोकून देत.

निघायच्या दिवशी बॅग घेऊन ती दुकानात आली. बस गल्लीच्या तोंडाशीच थांबायची. वन्सं स्टुलावर होत्या, फळी वर केलेली होती. वहिनी चष्मेवाल्यांच्या टेबलाशी गेली, बॅग पोटाशी धरून.

"एकदा बघू या."

"आता कशाला? गाडी येईल."

"बघा माझ्या नाकाकडे. डाव्या बाजूला किती बोटं?"

"दोन," चष्मेवाले ताबडतोब म्हणाले, स्वच्छ, खणखणीत, शाळेत पहिला नंबर काढायचा असल्यासारखे.

वहिनीचे दोन्ही हात बॅगेच्या पट्ट्यावर होते.

"मी तुम्हाला तीच काच दोनदा दाखवली," वहिनी म्हणाली.

चष्मेवाले काही वेळ तिच्या नाकाकडेच बघत राहिले. "बोटं धरलीच नव्हतीस?"

"नाही." तिनं बॅग खाली ठेवली, त्यांच्या डाव्या पायाशी. तिथेच जागा होती. "पुढच्या आठवड्यात जाईन मी. थोडं बसलं सगळं की."

"पुढच्या आठवड्यात तू जाणार नाहीस," चष्मेवाले म्हणाले. "तू दोनच वर्षं बसणार होतीस."

हे ते विसरले असतील असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. त्यांनी खाली वाकून बॅगेसाठी हात पुढे केला. हात बॅगेच्या उजवीकडे हवेत फिरला. टेबलाच्या पायाला लागला. वरच्या वाटीतले स्क्रू खळखळले. वहिनीचा पाय बॅग त्यांच्या हाताकडे ढकलायला उचलला गेला होता, तो तिनं तसाच धरून ठेवला. तिनं आयुष्यात इतकं अवघड काम केलं नव्हतं. बाहेर बसचा हॉर्न वाजला. चष्मेवाल्यांनी हात थांबवला, मान पूर्ण डावीकडे वळवली, बघितलं, आणि पट्टा बरोबर धरून बॅग उचलली.

"घे," ते म्हणाले, आणि बॅग तिच्या पोटाशी टेकवली. वन्संनी मागून नाक ओढलं आणि गिऱ्हाईक नसताना एक कार्ड समोर घेतलं.

ती गेली. मागे वळून बघितलं तर राहावंसं वाटेल म्हणून तिनं बघितलं नाही. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना उघडी शेतं आली, केवढं तरी आकाश. शेजारी तिच्या उजव्या हाताला एक अनोळखी म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि पुढच्या सीटमागच्या फळीवर ठेवला, अगदी डाव्या कडेला. बोलताबोलता ते पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

वहिनी बाहेर बघत होती. बघताबघताच तिचा हात पुढे गेला आणि ते झाकण तिनं फळीच्या मध्यावर सरकवलं.

गृहस्थ थांबले. "काय झालं हो?"

तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. मग तो उचलून मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला.

"काही नाही," ती म्हणाली. "चहा सांडेल असं वाटलं."